देवाच्या जागी सुपारी

आईला बडोद्याला आणायचं त्या सकाळी बैलगाडी दारात जुंपून उभी होती आणि आई देव्हाऱ्यासमोरून उठत नव्हती. गाडीवान दोनदा हाक मारून गेला. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं आणि माझी रजा संपत आली होती. वडील घरात थोरले, म्हणून कुळाचे देव आमच्याकडे. खंडोबा, भवानी आणि पूर्वजांचा एक, असे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले तीन टाक. आईने ते पुसले, लाल फडक्यात बांधले आणि त्यांच्या जागी मूठमूठ तांदळांवर तीन सुपाऱ्या मांडल्या. देव घराबाहेर निघाले की त्यांची जागा मोकळी ठेवायची नाही, ही आमच्याकडची रीत. सुपारी बसली म्हणजे देव परत येणार. तिने सुपाऱ्यांना हळद लावली आणि शेजारी कुणी माणूस बसल्यासारखं म्हणाली, "बसा हितंच. येतो आमी."

मला ते ऐकू आलं होतं. तरी मी बाहेरून ओरडलो, "आई, गाडी चुकेल."

त्या घरात चुलतभाऊ बापूदादा आणि वहिनी राहणार होते, सुपाऱ्यांपुढे दिवा लागणार होता. पण आईने 'येतो' म्हणून दिलेला शब्द बरोबर घेऊन मी निघालो आणि तो पाळायला वर्षानुवर्षं सवड काढली नाही, हे मनातून कधी गेलं नाही.

मी स्वतः बडोद्याला आलो तो मिसरूड फुटायच्या आत, पागेत नोकरीला असलेल्या मामाच्या मागे मागे. मामाने मला सरकारच्या फरासखान्यात चिकटवलं. तंबू, कनाती, शामियाने, गालिचे, जे काही अंथरायचं किंवा उभारायचं ते सगळं आमच्या खात्यात. सुरुवातीला दोऱ्या वळल्या, मेखा मोजल्या, पुढे कारकून झालो. महाराजांची स्वारी कुठे निघायची ठरली की आमच्याकडे लगबग. तिथे एक गोष्ट हाडात मुरली, की मुक्कामावर जे पहिलं लागणार ते गाडीत सगळ्यांत शेवटी भरायचं. आडरानात सूर्य मावळताना पोचून दिवे लागायच्या आत छावणी उभी करणाऱ्यांपैकी मी एक आहे, हे सांगताना आजही छाती थोडी पुढे येते.

आईला मात्र पहिलं वर्ष जड गेलं. ती दारात बसून राही. भाजीवालीशी खुणांनी बोले आणि घरात येऊन म्हणे, "हितं पान्यालाबी चव न्हाई आन् बोलन्यालाबी न्हाई." मी कचेरीत जाताना तिची पाठ बघत जाई. म्हातारपणी झाड उपटून लावलं आपण, असं वाटे. शेजारच्या मंगूबा गुजराती, विधवा, आईच्याच वयाच्या. दोघी आपापल्या ओट्यावर बसून आपापल्या भाषेत बोलत. एकीला दुसरीचं किती कळत होतं, देव जाणे. पण दोघींचं बोलणं कधी संपत नसे.

गावाकडच्या मंडळींना वाटतं, शहरात गेलेला सुखात लोळतो. माझ्यासारखे जे घर सोडून आले त्यांना ठाऊक आहे की मधूनच जेवताना घास अडतो, आणि का ते बायकोलाही सांगता येत नाही.

मग गेल्या मार्गशीर्षाआधी आई म्हणाली, "देवांची जेजुरीला भेट करायची हाय. लई वर्सं झाली. तिकडनं तसंच गावाकडं जाऊ."

कुळाचे टाक अधूनमधून मूळ देवाला भेटवून आणायचे असतात, तेव्हा नाही म्हणायचं कारण नव्हतं. मी रजा काढली आणि बांधाबांध माझ्या हातात घेतली. इथेच चुकलो. राजाचे तंबू बांधणं सोपं. आई, आत्याबाई, बायको आणि तीन मुलं यांचं सामान बांधणं ही निराळी विद्या आहे.

आत्याबाई म्हणजे वडिलांची बहीण, आईच्या पाठोपाठ बडोद्याला आलेली. तिने खंडेराव मार्केटातून पापडीच्या शेंगा, पेरू आणि तुरीच्या डाळीचं एक गाठोडं आणवून ठेवलं होतं.

"आत्याबाई, गावात डाळ मिळत नाही का?"

"मिळती. पर बडुद्याची डाळ त्यांनी कधी बघितलीया?"

शिवाय तिला पाटा-वरवंटा न्यायचा होता. "परमुलखात वाटण कशावर वाटायचं रं?"

"आपण आपल्याच गावाला चाललोय," मी म्हणालो. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "व्हय की. मग पाटा नगं, वरवंटाच घेऊ."

बायकोने दुधात मळलेल्या दशम्या, लसणाची चटणी आणि फिरकीच्या तांब्यात पाणी अशी तयारी केली. धाकट्या दोघांनी वळकटीत लपून ती तीनदा सोडायला लावली. मोठी तारा शाळेची पुस्तकं सोडायला तयार नव्हती. मी प्रत्येक बोचक्याची जागा ठरवत होतो, दशम्या वर, अंथरुणं मधे, डाळ तळाशी. आणि एक डोळा आईच्या पेटीवर होता.

आईने तिची सगळी लुगडी भरली. वडिलांच्या धोतराची शिवलेली गोधडी भरली. वडिलांचं पागोटं, जे ती वर्षातून एकदा उन्हाला काढे, तेही कापडात गुंडाळून ठेवलं. चार दिवसांच्या प्रवासाला कुणी नवऱ्याचं पागोटं नेतं का? सामान बांधण्यात आयुष्य गेलं माझं. नुसती गाडी बघून मी सांगू शकतो की मुक्काम किती दिवसांचा आहे. ही पेटी परत येणाऱ्या माणसाची नव्हती.

निघायच्या दिवशी सगळी मंडळी टांग्यात बसली. कुलूप लावायला मी मागे राहिलो आणि शेवटचं म्हणून देव्हाऱ्यात डोकावलो. देव्हारा धुऊनपुसून लख्ख होता. टाक नव्हते. तांदूळ नव्हते. सुपारी नव्हती.

म्हणजे देव परत येणार नव्हते. आणि देव जिथे, तिथे आई.

मंगूबा ओट्यावर उभ्या होत्या. "आवजो भाई," त्या म्हणाल्या, "जलदी आवजो." मी मान हलवली. कुलूप एकदा ओढून बघितलं आणि टांग्यात चढलो.

प्रवासभर मी आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते मला नको होतं. तिचा तो हक्कच होता. मीच तिला ओढून आणलं होतं, आता ती आपल्या घरी परत चालली होती. मुंबईला गाडी बदलली, पुण्याला बदलली. तारा प्रत्येक स्टेशनावरची पाटी मोठ्याने वाचून आजीला सांगत होती. डब्यातल्या एका गृहस्थाने विचारलं, "मुलगी शाळेत जाते वाटतं?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाली, "आमच्या बडुद्यात पोरीला शाळंत घालावंच लागतं. न्हाई घातली तर सरकार दंड घेतंय!" दंड भरायची हौस असल्यासारखं ती सांगत होती.

जेजुरीला आई न थांबता पायऱ्या चढली. टाक देवाच्या पायांना लावले, भंडारा उधळला. मग तिने पदराखालून वडिलांचं पागोटं काढलं आणि तेही पायरीला टेकवलं. "त्यास्नीबी यायचं हुतं," ती म्हणाली. "ऱ्हाऊन गेलं." मी दुसरीकडे बघू लागलो. भंडाऱ्याने डोळे चुरचुरतात, हे सांगायला बरं असतं.

गावी वहिनींनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. देव्हाऱ्यातल्या त्या तीन सुपाऱ्या सुरकुतून काळ्या पडल्या होत्या, पण जागेवर होत्या, आणि समोर दिवा होता. आईने त्या तबकात उतरवल्या आणि टाक त्यांच्या जुन्या जागी बसवले. बापूदादा म्हणाला, "काकी, देव घरी आलं. आता हितंच ऱ्हाऊ द्या." आई दिव्याची वात सारखी करत राहिली.

ते दिवस चांगले गेले, हे खोटं नाही. तारेने देवळात पोथी वाचली. गावातल्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या आणि आई बायकांच्या तोंडाकडे. संध्याकाळी ओसरीवर आईचा आवाज येई. बडोद्यात दसऱ्याला हत्ती कसे सजतात, नळ फिरवला की पाणी कसं येतं, आणि माझा ल्योक रानात गाव वसवतो, दिवे लागायच्या आत. माझं काम आईला इतकं ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पलीकडे अंधारात उभा राहून मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. अभिमान वाटला, आणि त्याच वेळी वाटलं, हे ती निरोपाचं बोलतेय.

निघायच्या सकाळी मी गाडी भरली. आईची पेटी माजघरात होती, तिला हात लावला नाही. सगळं चोख बसलं. दोर आवळले. आई बाहेर आली, कडेवर लाल फडक्याचं गाठोडं.

"माजी पेटी कुटं हाय?"

"आई... तू येणार?"

"न्हाईतर काय बैलामागनं चालत येऊ?"

"आणि देव?"

"देवबी चालत येत न्हाईत." तिने गाठोडं दाखवलं.

"पण तिथे तू सुपाऱ्या ठेवल्या नव्हत्यास. मी बघितलंय. देव्हारा मोकळा होता."

आई माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी अंगरखा उलटा घातला की बघायची तशी. "कुलूप लावल्याल्या घरात देव ठिवत्यात व्हय रं? दिवा कोन लावनार, उंदीर? सुपाऱ्या मंगूबांच्या गोखल्यात, म्हंजी त्यांच्या देवाच्या कोनाड्यात, बसवून आलेय. सकाळ-संध्याकाळचा दिवा सांगितलाय. त्या म्हनल्या, मारा देव ने तारा देव, बेय साथे. माजं देव आन् तुजं देव, दोगंबी संगट."

"मग सगळी लुगडी? गोधडी?"

"लोकांत जायाचं तर फाटकी नेसू? आन् हितली थंडी इसरलास जनू."

आत्याबाई गाडीतून म्हणाली, "तरीच म्हनलं, ह्याचं त्वांड वाटंभर एवढंसं का झालंय. आरं, इचारायचं न्हाई?"

आईची पेटी जड, ती तळाशी हवी. सरकारी फरासखान्याच्या कारकुनाला भर गावात भरलेली गाडी उपसावी लागली. बापूदादा कंबरेवर हात ठेवून उभा. "म्हाराजांचं तंबूबी असंच दोनदा भरतुस काय?" सगळी आळी हसली. मीही हसलो, आणि घामाबरोबर डोळेही पुसले.

तेवढ्यात आई आत गेली. मी दारातून बघत होतो. तिने नवे तांदूळ घेतले, तीन नव्या सुपाऱ्या मांडल्या, हळद लावली. "बसा हितंच. येतो आमी." या खेपेला मी तिला हाक मारली नाही. गाडी चुकली तर चुकू दे, असं वाटलं.

इतकी वर्षं मी समजत होतो की मी आईचं घर मोडलं. तिने मात्र न बोलता दुसरं मांडलं होतं आणि पहिलंही मोडू दिलं नव्हतं. बापूदादाच्या घरात आमच्या देवांची जागा राखलेली आहे. बडोद्यात आम्ही नसताना परक्या भाषेतली एक म्हातारी आमच्या खंडोबापुढे वात लावते. परत आलो तेव्हा मंगूबांनी त्या सुपाऱ्या ओंजळीत आणून दिल्या. त्यांना आमची हळद होती आणि त्यांचं कुंकूही. आईने दोन्ही तसंच राहू दिलं. माझ्या मनातलं ओझं सगळं उतरलं असं म्हणणार नाही, पण आता ते पेलता येतं. मला आपलं घर विचाराल तर मी दोन सांगेन, आणि दोन्हींत दिवा आहे.

गाव सोडताना बायका गाडीपर्यंत पोचवायला आल्या होत्या. बैल हलले तशी आई मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "आवजो!"

बायका बघतच राहिल्या. "म्हंजी काय वं?"

"म्हंजी या की," आई म्हणाली. "आमच्या बडुद्याला या."

बापूदादा, वहिनी, हे लिहिलेलं तुमच्याही हाती पडेल, म्हणून सांगतो: या, असं आईने सांगितलंय, मी फक्त पुन्हा लिहितो. येताना देव्हाऱ्यापुढच्या दिव्याची सोय शेजारी लावून निघा. सामान मी सांगतो तसं भरू नका, आईला विचारा. आवजो.