कुंदाचं राहिलेलं रेकॉर्डिंग

मीनलचा फोन आला तेव्हा मी लंडनमधल्या हॅरोहून वॉटफर्डला जाणाऱ्या ट्रेनमध्ये होते आणि पिशवीत मेथीची जुडी होती. तिच्या आईने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, कुंदाने, आदल्या दिवशी हॉस्पिटलमधून मेसेज केला होता, ‘येताना मेथी आण.’ ऑपरेशननंतर तिला बोलता येत नव्हतं, पण हुकूम सोडायची सवय काही सुटली नव्हती. आता हॉस्पिटलात मेथी कशाला, असं मी विचारलंही नाही. "मावशी, आई गेली," मीनल म्हणाली. समोरच्या बाईने टिश्यू पुढे केला तेव्हा मला कळलं की मी रडतेय. कुंदाच्या शेजारच्या खाटेवरच्या आजी शाळेत मुलांना जेवण वाढणाऱ्या डिनर लेडी होत्या, हे मला वॉर्डात पोचल्यावर समजलं. मेथी त्यांच्यासाठी होती.

मेथीचं प्रकरण सांगायला हवं. कुंदा निवृत्त झाली आणि आमच्या काउंटीच्या स्थानिक इतिहासाच्या मंडळात जायला लागली. तिथल्या पुस्तकांत लॉर्ड होते, चर्च होती, कालवा होता, कालव्यावरचे घोडेसुद्धा होते. "अगं, घोड्यांची नावं आहेत! आणि बायका कुठे गेल्या?" ती माझ्याच अंगावर ओरडली, जणू मीच त्यांना लपवून ठेवलं होतं. मग तिने तळहाताएवढा रेकॉर्डर घेतला आणि काम केलेल्या बायका शोधत फिरायला लागली. छापखान्यात मासिकं शिवणाऱ्या, हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या, घरी बसून शर्टांना बटणं लावणाऱ्या आपल्या गुजराती आणि मराठी बायका. सगळ्या पहिल्यांदा एकच म्हणायच्या, छे, आम्ही कसलं काय केलं! मग कुंदा पिशवीतून मेथी काढायची, टेबलावर पेपर पसरायची आणि अर्धी जुडी त्यांच्यापुढे सरकवायची. हात रिकामे असले की बाई मुलाखत देते, हात कामात असले की बोलते, असं तिचं म्हणणं. नव्वदीच्या ब्रेंडाबाईंनाही तिने मेथी निवडायला बसवलं. त्यांना ते गुरांच्या चाऱ्याचं क्लोव्हर वाटलं, पण पानं मात्र एकसारखी खुडली आणि खुडता खुडता गव्हाच्या काड्यांच्या वेण्या घालून हॅट बनवणाऱ्यांना देणारी आपली आजी सांगून टाकली. कुंदा मध्ये बोलायचीच नाही. फक्त, "हं... मग?"

मी मुळातच घाबरट. कुंदाच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं कन्सल्टंट डॉक्टरने सांगितलं, तेव्हा ती शांत होती, घाबरले मी. एवढ्या बायकांचे आवाज हिने जपले आणि हिचा स्वतःचा? तीही छापखान्याच्या बाइंडरीत वर्षानुवर्षं संध्याकाळच्या शिफ्टला होती. पुण्याची बी.एस्सी., आणि इथे मासिकांचे गठ्ठे. याबद्दल ती कधी धड बोलली नव्हती, माझ्याशीसुद्धा. मी मागेच लागले. "कुंदे, तुझं रेकॉर्ड करू या. आवाज आहे तोवर." "करू गं, मी कुठे पळतेय?" "पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे!" "म्हणूनच आधी ब्रेंडाबाईंचं राहिलेलं उरकते. त्यांचं वय बघ." शेवटी रविवार ठरला. मी माझा नवा रेकॉर्डर चार्ज करून नेला, जादाच्या बॅटऱ्या नेल्या, रस्ताभर फोन बघत राहिले की ही नाही म्हणतेय की काय. दार बंद. बाईसाहेब ब्रेंडाबाईंकडे! मी दारात उभी राहून तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. संताप आला मला तिचा, अजूनही येतो. संध्याकाळी तिचा फोन आला, दमलेला, घोगरा आवाज. "रागावू नकोस गं. बरी झाले की लिहून दाखवीन तुला सगळं." बरी झालीच नाही. ऑपरेशननंतर छातीत इन्फेक्शन गेलं आणि बघता बघता सगळं हातातून निसटलं.

दिवसकार्य झालं, मीनल मँचेस्टरला परत गेली. गेल्या शनिवारी घर आवरायला पुन्हा आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तीच भीती होती जी मी ऑपरेशनआधी बाळगली होती. "मावशी, मला भीती वाटतो. आईचा व्हॉइस मी विसरत आहे. फेस दिसते, पण व्हॉइस... नाही येत." मी कुंदाचा रेकॉर्डर आणला. मनात धाकधूक, बटण चुकून भलतंच दाबलं आणि पुसून गेलं तर? कुंदाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून आम्ही एकेक मुलाखत ऐकायला लागलो. तासन् तास दुसऱ्या बायका बोलत होत्या आणि कुंदाचं आपलं तेवढंच, "हं... मग?" मीनल प्रत्येक वेळी दचकून मान वर करायची. ब्रेंडाबाईंच्या त्या रविवारच्या रेकॉर्डिंगमध्ये एका जागी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांना विचारत फिरतेस, तू काय करायचीस गं?" मी आवाज मोठा केला. "मी? मी बाइंडरीत होते," कुंदाचा तो घोगरा आवाज, "पहिल्या दिवशी ना..." आणि ब्रेंडाबाईंची किटली उकळायला लागली. कप वाजले, साखरेची विचारपूस झाली. त्यानंतर कुंदाच म्हणाली, "तुमच्या आजीचं राहिलं ना?" आम्ही तेवढा भाग पुन्हा पुन्हा लावला. किटलीच्या आवाजाखाली काहीही नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं. हिचं कुठेच काही राहिलं नाही.

मीनल खिडकीकडे बघत बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, अंत्यविधीलाही नव्हतं, आणि मला तिची काळजी वाटत होती. काय करावं सुचेना, म्हणून मी उठले. फ्रिजमध्ये मी भाजीसाठी आणलेली मेथी होती. पेपर पसरला, अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली, आणि का कोण जाणे, रेकॉर्डरचं बटण दाबलं. ती निवडायला लागली. काड्या जाड ठेवत होती, कुंदाने बघितलं असतं तर बोलली असती. पेपरवर पानांचा ढीग वाढायला लागला.

"आई घरी येताना प्रिंटिंगचा वास यायचा," मीनल एकदम म्हणाली. "आणि तिच्या फिंगर्सना पेपरने कापलेला असायचं. सगळीकडे. म्हणून लिंबू मी पिळायची. ती चॉप करायची आणि मला द्यायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी लिंबू मुलंच पिळतात." ती हसली आणि मग तोंडावर हात धरून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, पुन्हा एक काडी उचलली. रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता. उरलेली जुडी मी तिच्याकडे ढकलली.

"हं... मग?" मी म्हणाले.