न तपासलेली टेकडी

दारामागची सळई दिसली नाही की नेस्ता हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. लेक हातीपायी धड घरी येईल ना, एवढा एकच विचार.

बेटांच्या राजधानीत, होनियारात, पॅसिफिक क्रीडास्पर्धा भरायच्या ठरल्या, तेव्हा स्टेडियमची जागा आधी तपासावी लागली. महायुद्धातले बॉम्ब ऐंशी वर्षं या मातीत पडून आहेत. त्यांच्यावरच आपण रताळी लावतो, पोरं खेळवतो. नेस्ताच्या लेकीला, डोरोलिनला, त्या तपासणीत नोकरी लागली. अंगात पिवळं जाकीट, त्याच्या पाठीवर पोलिसांचा फोन नंबर, हातात यंत्र. ते किणकिणलं की लाल झेंडी खोचायची आणि मागे सरायचं. पुढचं काम पोलिसांचं.

बघता बघता शहर ओळखू येईना. खड्ड्यांचा रस्ता गुळगुळीत झाला, नव्या दिव्यांखाली बायका अंधार पडल्यावरही मासळी विकू लागल्या. उद्घाटनाला नेस्ता स्टेडियममध्ये बसली, तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईला तिने परत परत सांगितलं, "या गवताखालची जमीन माझ्या पोरीने तपासलीय."

रस्ता रुंद करताना त्यांची वस्ती मात्र उठून टेकडीवर आली होती. टेकडी कुणीच तपासली नव्हती. स्पर्धा संपल्या, यंत्र पेटीत बंद होऊन परत गेलं, नोकरीही गेली. जाकीट तेवढं राहिलं. घराचा खांब रोवायचा असला की लोक डोरोलिनला हाक मारू लागले, आणि ती नुसती लोखंडी सळई घेऊन माती टोचून बघायला जाऊ लागली.

त्या शनिवारी शेजारचा लाउता आला. मुलाच्या लग्नाचं जेवण होतं. खड्डा खणून त्यात दगड तापवून डुकरं भाजायची होती, म्हणून आधी जमीन बघायला डोरोलिन हवी होती.

"वहिनी, सोडा आता पोरीला. का पदराला बांधून ठेवलीय?" सुपारीने लाल झालेलं तोंड पुसत तो म्हणाला.

"पोलिसांना बोलवा की!"

"ते येतील त्यांच्या सवडीने. डुकरं मारून ठेवलीत, ती थांबतील का?"

डोरोलिन जाकीट चढवत होती. "आई, मी नाही गेले तर काका तसाच खणेल. वर जाळ पेटवेल."

हे खरं होतं. नेस्ता त्यांच्या मागे निघाली.

लाउताच्या अंगणात सळई दोनदा सहज आत गेली. तिसऱ्यांदा ठक् झालं. डोरोलिन गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी माती सारू लागली. गंजलेली, गोलसर पाठ दिसली. पाहुण्या बायका हसायच्या थांबल्या.

"एवढंसंच तर आहे," लाउता दोन पावलं मागे सरत म्हणाला. "ओढ्यात टाकून येऊ."

"मी उचलते. पोलीस कसे उचलतात ते पाहिलंय मी."

"पाहिलंयस!" नेस्ता किंचाळली. "झेंडीच्या पलीकडून, लांबून!"

"ओरडू नकोस आई. हात हलतो माझा."

नेस्ताने तोंडावर हात दाबला. लेक वाकली होती आणि जाकिटाच्या पाठीवरचा तो मोठा नंबर सरळ तिच्यासमोर होता. वर लिहिलं होतं: बॉम्ब दिसला तर कळवा. तिने फोन बाहेर काढला.

"वहिनी, नका!" लाउता हात जोडत पुढे आला. "आपल्याकडे जमिनीचा कागद नाही. एकदा इथे कुंपण पडलं की सगळी वस्ती उठवतील. पुन्हा कुठे जायचं?"

डोरोलिनने मान वर केली नाही. "त्यांना कळलं तर मला परत कधीच कामावर घेणार नाहीत, आई."

दोघंही खोटं बोलत नव्हती. पुन्हा पत्रे उपटायचे, पुन्हा चूल मांडायची. आणि जाकीट खुंटीलाच राहणार. लेकीची बोटं त्या गंजाच्या खाली सरकत होती.

"भाऊजी, बायकापोरांना घेऊन खाली जा, आत्ताच्या आत्ता," नेस्ता म्हणाली. "आणि तू हात काढ तिथून. माझ्यावर जन्मभर रागाव, चालेल मला."

जाकिटावरचा एकेक आकडा वाचत तिने नंबर लावला.