बंपरचा डावा कोपरा

मस्कतमध्ये रुवीतल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक खांब आहे. गाडी मागे घेताना माझ्या नवऱ्याने तो ठोकला आणि मागच्या बंपरचा डावा कोपरा फाटला. त्याचं म्हणणं, खांबच चुकीच्या जागी बांधलाय. नाचता येईना, अंगण वाकडं.

गॅरेजला जायला तो तयार नव्हता. पुण्याचा माणूस, त्यात इंजिनियर. घरी होण्यासारखं काम दुसऱ्याला देणं त्याला कमीपणाचं वाटायचं. सुट्टी बघून त्याने माझ्या एका जुन्या ताटलीत दोन ट्यूबांमधलं इपॉक्सी कालवलं. बंपरच्या आतून जाड लेप थापला, अंगठ्याने दाबून बसवला, बाहेरून पातळ हात फिरवून रंग मारला. "बघ, कळतंय का कुठे फाटलं होतं?" मला लांबूनही कळत होतं.

मस्कतचा उन्हाळा तापला की फट पुन्हा उघडायची. पुन्हा ताटली, पुन्हा लेप. मी म्हणायची, "तुझं हे प्लास्टर एक दिवस गाडीपेक्षा जड होणार." तो म्हणायचा, "असू दे, इतक्या पांढऱ्या गाड्यांत आपली ओळखू तर येते." ते मात्र खरं होतं. मी कधी नंबर बघितलाच नाही, डावा कोपरा शोधायची.

या मार्चमध्ये तो ऑफिसातच कोसळला आणि गेला. आम्ही मायलेकी त्याच्या व्हिसावर होतो, म्हणजे इथून निघणं आलंच. सामान विकलं, काही वाटून टाकलं. गाडी तेवढी राहिली. ती घेणाऱ्याने एकच अट घातली, बंपर नीट करून द्या. मला त्या कोपऱ्याला कोणाचा हात लागायला नको होता. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज करून टाक ना. इट्स जस्ट अ कार." बोलताना तिने तोंड फिरवलं, म्हणून मी वाद घातला नाही.

वादी कबीर भागातल्या गॅरेजमधला कारागीर रत्नागिरीचा निघाला. मी त्याला विचारलं, जुनं तसंच ठेवून वरून काही करता येईल का. त्याने आत हात घालून चाचपलं.

"नाय वहिनी. ह्या प्लास्टिकला इपॉक्सी धरतच नाय, नुसतं बसून ऱ्हातं. काढूनच वेल्डिंग करायला लागंल." मग हळूच म्हणाला, "साहेबांनी केलेलं काय?"

मी मानेनेच हो म्हटलं. त्याने घासायला उचललेला ग्राइंडर खाली ठेवला आणि चपटा स्क्रूड्रायव्हर घेतला. सगळे उन्हाळे एकावर एक चिकटलेले, अख्खी खपली निघाली. ती त्याने माझ्या हातात दिली. मग तापलेल्या सळईने त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी फटीत वितळवायला लागला.

दुसऱ्या दिवशी गाडी आणायला गेले, तर रांगेत मला ती सापडेना. कारागिरालाच विचारावं लागलं. "ही काय, तुमच्यासमोरच." काम सुरेख झालं होतं. मला त्याचा इतका राग आला की आभार मानायचेसुद्धा राहून गेले.

गाडीत बसून पर्समधली खपली काढली. आतली बाजू कोणाला दिसत नाही, म्हणून नवऱ्याने ती घासली नव्हती. तिथे त्याचा अंगठा उमटला होता, रेषांसकट.

मी माझा अंगठा त्यात ठेवला. दोन्ही बाजूंना जागा उरली.