साहेबांचं नेट

डॉक्टरांनी माझी साखर पाहून रोज चालायला सांगितलं. चालणं मला कमीपणाचं वाटलं, म्हणून मी टेनिस धरलं. घराजवळच्या बागेत कोर्ट होतं आणि फाटकावर पाटी होती: 'सर्वांसाठी मोफत'. या 'सर्वां'त कोण येतं, ते मात्र साहेब ठरवत.

साहेब म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले मोठे इंजिनियर. पांढरी चड्डी, पांढरी टोपी. समोरच्याचा चेंडू टप्पा घेण्याआधीच ते 'आउट' म्हणून मोकळे होत. आम्ही तिघे त्यांचे रोजचे भिडू, माना डोलवायचो. मी त्यांचा जोडीदार, त्यामुळे सारखा जिंकायचो. घरी येऊन सांगायचोही.

उन्हाळ्यात एक बाई यायला लागली. एसटीत कंडक्टर होती. उमरेडची फेरी संपवून यायची, हातात जुनी रॅकेट. तीन दिवस ती कुंपणाशी नुसती उभी राहिली. चौथ्या दिवशी साहेब 'आउट' म्हणाले, तशी बोलली, "आउट कायचा जी? लाइनीवर पडला ना!"

"तुम्हाला कळतं यातलं?" साहेबांनी विचारलं.

"पाय दारात असला तं माणूस आत का बाहेर, हे मले रोजच ठरवा लागते. आता मले खेळू द्या. काहून देत नाही? पाटीवर तं सर्वांसाठी लिहून आहे."

"कोर्ट सर्वांचं आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "नेट माझं आहे."

खरंच होतं ते. बागेचं नेट कधीच फाटलं होतं, हे साहेबांनी पदरचं आणून लावलेलं. ते गाठी सोडायला लागले. "एक टोक धरा हो," मला म्हणाले. मी धरलं. नीट घडी घालून त्यांच्या स्कूटरला बांधूनही दिलं. बाईकडे तेवढं पाहिलं नाही.

पुढे ते नेट साहेबांच्या बाल्कनीत कबुतरांसाठी लागलं. स्टुलावर चढून खिळे मीच ठोकले. कबुतरं स्वयंपाकघराच्या खिडकीतून यायला लागली.

आठवडाभर मी कंबर धरून घरी बसलो. साखर वाढली, तेव्हा गेलो. कोर्टावर ही गर्दी! कुणीतरी गांधीबागेच्या कापडबाजारातून पडद्याचं फुलाफुलांचं कापड आणून दोरीवर टाकलं होतं. बाई सर्व्हिस करत होती. साहेब बाहेर बागेला चकरा मारत होते. मान एकदाही कोर्टाकडे वळली नाही.

"नेटचं त्या दिवशी मी..." मी बाईजवळ सुरुवात केली.

"थांबा जी काका, तुमच्या आधी पाच जण आहेत."

थांबलो. नंबर लागला आणि कॉलेजातल्या एका पोरीनं मला एकही गेम घेऊ दिला नाही. साहेबांच्या तोंडाशिवाय मला टेनिस येतच नव्हतं.

बाईनं माझ्या हातातली रॅकेट फिरवून बोटं नीट बसवून दिली. म्हणाली, "कवापासून खेळून राहिले तुम्ही?"

"परवापासून," मी म्हणालो.