लातूरची गोदावरी

सरकारी नियम असा आहे की प्रत्येक कॉलेजनं आपली खरी माहिती वेबसाइटवर उघड टाकायची. फी किती, शिक्षक कोण, प्रयोगशाळा, वसतिगृह, सगळं. प्रवेश घेण्याआधी पोरांना आणि त्यांच्या आईबापांना कळावं की आपण कुठं पाय टाकतोय. लातूरबाहेरच्या आमच्या फार्मसी कॉलेजात हे काम माझ्या गळ्यात पडलं. मी तिथं इंग्रजी शिकवतो. औषधातलं मला डोकेदुखीच्या गोळीपलीकडं कळत नाही. पण 'सरांची भाषा चांगली आहे' असं प्राचार्य भर मीटिंगमध्ये म्हणाले आणि मी फुगलो. कुणी स्तुती केली की मी कुठलंही काम अंगावर घेतो, हा माझा जुना आजार आहे.

पान दोन दिवसांत हवं होतं. मी नांदेडकडच्या, गोदावरीकाठच्या एका कॉलेजचं पान उघडलं, उचललं, नाव-पत्ता बदलला. जिथं आमच्याकडं काही नव्हतं तिथं भाषा घातली. आमच्या मुलींच्या वसतिगृहाचे तेव्हा नुसते खांब उभे होते. वर गज निघालेले, खाली सावलीला शेळ्या. मी लिहिलं, 'परिसरातच मुलींसाठी सुसज्ज वसतिगृह.' म्हटलं, होईलच की वर्षभरात. ते पान प्राचार्यांनी वाचलं, संस्थेच्या सचिवांनी वाचलं. मीही वाचलं आणि खरं सांगतो, आपल्याच वाक्यांवर खूश होऊन दोनदा वाचलं.

दोन वर्षं सुरळीत गेली. खांब तसेच राहिले आणि माझी भाची बारावी झाली.

ती मुखेडची, माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. दाजी शेती करतात आणि एकदाच बोलतात. कॉलेजच्या आवारात मुलींचं हॉस्टेल असेल तर फार्मसी कर, नसेल तर गावातच बी.ए. कर, असं त्यांनी तिला सांगून टाकलं होतं. तिला फार्मसीच करायची होती. आमच्या कॉलेजला दाजी लगेच हो म्हणाले, कारण पान मी लिहिलेलं होतं आणि त्यांच्या लेखी मी प्रोफेसर. त्या आनंदात बहिणीनं जिलेबी आणली. मी चार खाल्ल्या आणि खांबांचा विषय काही काढला नाही.

कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले असताना भाचीचा फोन आला. तुमचं कॉलेज लातूरलाच आहे ना, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो.

"मग पानावर 'गोदावरीच्या काठावरील शांत परिसर' कसं काय लिव्हलंय मामा?"

टँकरची वाट बघत उन्हाळे काढलेलं आमचं लातूर मी गोदावरीच्या काठावर नेऊन ठेवलं होतं, आणि दोन वर्षांत एकाही माणसाचा पाय ओला झाला नव्हता. टायपिंगची चूक असेल, असं मी म्हणालो. एवढी नदी टायपिंगमध्ये कशी घुसली, हे तिनं विचारलं नाही.

"आन् हॉस्टेल? ते तरी हाय का, का तेबी नदीसंगंच आलंय?"

आता मला लाज वाटली, आणि ती हसण्यावारी नेता येण्यासारखी नव्हती. मी तिला खांबांचं सांगितलं. मुली शहरात भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि ऑटोनं येतात, तेही सांगितलं. ती म्हणाली, "बाबाला तुमीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, कुठंच नसतंय हॉस्टेल, बस घरी."

दाजींना फोन करायला मी पाऊण तास लावला. त्यात घरातले दोन पंखे पुसून झाले. सगळं ऐकून दाजी म्हणाले, आता दुसऱ्या कॉलेजचं पान तरी खरं कशावरून, तिथंही तुमच्यासारखाच एखादा सर बसला असेल. मी म्हणालो, नांदेडकडचं एक पान खरं वाटतं, मी त्याचीच नक्कल केली आहे. माझ्या नोकरीत मी दिलेली ही सगळ्यात प्रामाणिक शिफारस.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिथं गेलो. दाजींनी पानाची प्रिंट काढून आणली होती. एकेक ओळ बोटानं धरून त्यांनी वसतिगृह ताडून पाहिलं, खोलीची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. सगळं जागेवर होतं. खिडकीतून गोदावरीसुद्धा दिसत होती. भाचीनं फॉर्मवर तेच कॉलेज पहिलं टाकलं आणि तिचा नंबर लागला.

लातूरला आल्याआल्या मी आमचं पान दुरुस्त केलं. नदी काढली आणि वसतिगृहाचं काम अपूर्ण असल्याचं साध्या शब्दांत लिहिलं. प्राचार्यांनी बोलावून घेतलं आणि खेदानं म्हणाले, सर, तुमची भाषा पहिल्यासारखी राहिली नाही.

भाचीला सोडायला मीही गेलो होतो. दाजी सामान ठेवून सरळ मोरीत गेले आणि त्यांनी पुन्हा नळ सोडला. पाणी येतंय ना, असं मी दारातूनच विचारलं.

"आत या, तुमीच बघा सर," ते म्हणाले. "दुसऱ्यानं सांगितलेलं कशाला खरं मानता?"