नळीतला पांढरा गाळ आणि माझ्या नव्या चपला

कोल्हापुरात राहून मी वर्षभर अळणी जेवत होतो, आणि तरीही जिवंत होतो.

माझं मूत्रपिंड थोडं बिघडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. मीठ बंद, मटण सणासुदीला, आणि दर रविवारी घरीच तपासणी." त्यांनी काचेची नळी दिली. तिच्यात लघवी घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, वर व्हिनेगरचे थेंब टाकायचे. स्वच्छ राहिली तर उत्तम. पांढरा गाळ आला तर थेट मिरजेचा दवाखाना! (घरची मंडळी याला माझी 'रविवारची पूजा' म्हणत.)

एका रविवारी गाळ आला. गाळ कसला, रबडीच!

"अगं, आटोपलं माझं!" मी परसातून हंबरलो.

बायको पिठाच्या हातांनी धावत आली. मागोमाग तिचा भाऊ धोंडिबा. आदल्याच दिवशी कोडोलीहून घरच्या म्हशीचं दूध घेऊन आला होता.

"काय झालं की, दाजी?"

"मी चाललो, धोंडिबा."

"मिरजंला व्हय?"

"त्याच्याही पुढं!"

मग मला भाषण फुटलं. बायकोला सगळी भांडणं माफ केली. (ती मीच उकरलेली होती, एवढं वगळलं.) शेवटी नव्याकोऱ्या, करकर वाजणाऱ्या चपला धोंडिबापुढं ठेवल्या. "घाल. मला आता कुठं चालायचंय?"

"नगं, नगं!" म्हणत त्यानं त्या पायांत घातल्यासुद्धा! "आईला घिऊन येतो," म्हणाला आणि डोळे पुसत, करकरत गेला.

बायको एकदम थबकली. "अहो, नळी धुतली होती?"

"का?"

"काल मी धोंडिबाला म्हटलं, दुधात पाणी घातलंस. तर यानं ह्याच नळीत दूध भरून उजेडात धरलं. 'बघ की आक्का, पाणी हाय का?'"

(तळाशी उरलेलं दूध व्हिनेगरनं फाटलं होतं. चष्म्याशिवाय पूजा करण्याचा हा परिणाम.)

नळी राखेनं घासली. पुन्हा तापवली. या वेळी चष्मा लावून थेंब टाकले. नळी नितळ! बायको हसता हसता रडली आणि माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

संध्याकाळी सासूबाई दारातूनच गळा काढत आल्या. मी पाटावर जेवत बसलेला! धोंडिबानं आधी मला पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"दाजी... बरं हाईसा की!" एवढ्या जड आवाजात माझं अभिनंदन कुणीच केलं नव्हतं.

चपला परत मागायला तोंड होतं कुठं? शेवटची इच्छा माझी, ती रीतसर पुरी झाली होती. मरायचं तेवढं माझ्याकडूनच राहिलं होतं!