आक्काची बोटं, दोन देशांचे शिक्के

“रेशनच्या मशीनवर अंगठा उठंना आन् निघाली परदेशात! तिथनं परत धाडतील बघ तुला,” आक्काचा मुलगा म्हणाला. झालं, आमचं जाणं तिथंच पक्कं झालं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सहा महिने दुकानदार तिला ऐकवत होता, शेतात राबून तुमच्या रेषा झिजल्या. धान्य मुलाच्या अंगठ्यावर घ्यावं लागायचं आणि ते तिला फार झोंबायचं.

अणदूरहून कर्नाटकाची हद्द जवळच, पण ती ओलांडली तरी पासपोर्टावर शिक्का कोण देतंय? म्हणून ठरवलं, आधी बँकॉक, मग रेल्वेनं लाओसची सीमा. हैदराबादची गाडी आम्हाला गावातूनच मिळते, तिथून पुढं विमान. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. विमानतळावरच्या तपासणीत चटणीची पुडी दोनदा उलटसुलट झाली, पण सुटली.

बँकॉकला उतरल्यावर पासपोर्ट तपासायच्या काउंटरवर चार बोटं काचेवर ठेवायची असतात. आक्का कुठल्याही नव्या कामाआधी खंडोबाचा भंडारा लावते. तिनं रांगेतच पुडी काढली, कपाळाला भंडारा लावला आणि तीच बोटं काचेवर टेकवली. लाल दिवा. पुन्हा लाल. काच पिवळीधमक! इथून परत पाठवलं असतं तर गावात तिला बोलायला तोंड उरलं नसतं.

“आक्का, जरा मागं सरा,” मी म्हटलं.

“का म्हून? म्या न्हाय हालत. माझी बोटं हायती ही, चोरून आणली न्हायती.”

काउंटरवरच्या बाईंनी ओला कागद दिला, खुणेनं बोटं पुसायला सांगितली आणि काच स्वतः पुसली. चारही बोटं एका दमात उठली. पासपोर्टावर ठप्पा बसला.

“झिजल्या म्हनं रेषा!” आक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाली की अख्खी रांग बघायला लागली.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. शिक्क्यावर आल्याची आणि कधीपर्यंत राहता येईल त्याची तारीख असते. ती काउंटर सोडण्याआधी वाचा, चूक दिसली तर तिथंच बोला. लाओसचा व्हिसा म्हणजे पासपोर्टात चिकटवलेला स्टिकर. सीमेवरच्या नदीच्या पुलापाशी तो मिळाला तेव्हा पासपोर्टाचं अख्खं पान गेलं, म्हणून कोरी पानं, फोटो आणि फीसाठी डॉलर जवळ हवेत. नियम बदलतात, निघण्याआधी ताजे बघा. आक्काला मात्र स्टिकर पटला नाही. “चिकटवल्यालं निघतंय. ठप्पा खरा.”

पुलावरून मेकाँग नदी दिसली तेव्हा ती खिडकीला नाक लावून बघायला लागली. मग म्हणाली, “आपल्या तेरणेत एवढं पानी आसतं तर गं!”

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी आक्का रेशनच्या दुकानात. मी मागोमाग. अंगठा ठेवला, लाल दिवा.

“सांगितलं न्हवं आक्का, तुमच्या रेषाच न्हाईत,” दुकानदार म्हणाला.

आक्कानं पदराचं टोक ओलं केलं आणि काच घासली. पदरावर काळा डाग उठला. अंगठा पुन्हा ठेवला आणि दिवा हिरवा झाला. दुकानदार वजनकाट्यावर धान्य ओतायला लागला.

आक्का रांगेतल्या बायांकडे वळली. “काय गं, आणखी कुणाकुणाच्या रेषा झिजल्या म्हनला ह्यो?”

तीन हात वर झाले.